दार कुठल्या बाजूनं

फोन वाजत होता तेव्हा मी हात धूत होतो. माझ्या केबिनला लागूनच स्वच्छतागृह आहे… म्हणजे तेव्हा होतं. तिथं नळ चालू असला की बाहेरचं काही ऐकू येत नाही. फोन वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजायला लागला, तेव्हा ओल्या हातानंच उचलला. अकोल्याहून बेबीताईचे यजमान, उत्तमराव बोलत होते. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. आवाज मोठा, गर्दीच्या डोक्यावरून मागच्या सीटपर्यंत जाणारा. त्या दिवशी तो इतका बारीक झाला होता की मला वाटलं, लाइनच खराब आहे. “सर, बेबी गेली,” ते म्हणाले. “सकायी छातीत दुखून राहिलं म्हने. मी रिक्षा आनाले गेलो, तं येईपर्यंत…” पुढं ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही. गप्प राहण्याची मला जुनी सवय आहे. बेबीताईच्या बाबतीत ती सवय मला जरा जास्तच सोयीची पडली. हे तिच्या जाण्यानंतर का होईना, एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

अमरावतीत ज्यांना तिचं नाव ठाऊक आहे, त्यांना ते ग्रॅनाइटच्या एका पाटीवरून ठाऊक आहे. आमच्या विद्यापीठाच्या विज्ञान इमारतीत, रसायनशास्त्र विभागाच्या मजल्यावर ‘सौ. बेबीनंदा उत्तमराव तायडे सभागृह’ आहे. वर्तमानपत्रात निधनाची चार ओळींची बातमी आली तीही ‘दानशूर निवृत्त परिचारिका’ अशीच. तिची ही ओळख तयार करण्यात माझा हात होता. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण तिला नको असलेली होती, आणि हे तिला, उत्तमरावांना आणि मला पक्कं माहीत होतं.

आमची ओळख अकोल्याची, बीएस्सीच्या वर्गातली. वडिलांच्या आजारपणात तिची मधली काही वर्षं शेतमजुरीत गेली होती, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, आणि म्हणून सगळ्या वर्गाची ताई. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून रोज गाडीनं येणंजाणं करायची. प्रॅक्टिकल दोघादोघांच्या जोडीनं करावं लागे आणि हजेरीपटावर तिच्या नावाखाली माझं नाव होतं, एवढ्यावर आमची जोडी ठरली. मी शेतकऱ्याच्या घरातला, लाजाळू, मुलींशी बोलताना पायाच्या अंगठ्याकडे पाहणारा. पहिल्याच दिवशी मी ब्युरेटच्या काचनळीकडे टक लावून उभा असताना तिनं मला विचारलं, “काय जोडीदार, ब्युरेटशी बोलशीन का माह्याशी?” तेव्हापासून मी तिचा जोडीदार. पुढं लग्नानंतरही ती मला उत्तमरावांसमोर जोडीदारच म्हणायची आणि उत्तमराव हसून म्हणायचे, “आमी फक्त नवरा, सर. जोडीदार तुमीच.”

त्या कॉलेजच्या विज्ञान विभागात मुलांना लघवीला जायला मागच्या भिंतीला एक आडोसा होता. मुलींसाठी काहीच नव्हतं. मैदानापलीकडे कला शाखेच्या इमारतीत ‘लेडीज रूम’ होती, तिला कुलूप, आणि किल्ली असलेला शिपाई दुपारी जेवायला गेला की गेलाच. आमचं प्रॅक्टिकल दुपारभर चालायचं. बेबीताई सकाळी घरून निघायची ती अंधार पडल्यावर घरी पोचायची. अकोल्याच्या उन्हाळ्यात, डोळ्यांची आग होत असताना, आम्ही मुलं माठातलं पाणी ग्लासवर ग्लास रिचवायचो आणि वर्गातल्या तिघीचौघी मुली माठाकडे पाठ करून बसायच्या. मला पुष्कळ दिवस वाटे, मुलींना तहान कमी लागत असेल. खरंच वाटे.

तिची एक मावशी रेल्वे फाटकाच्या पलीकडे राहायची. अगदीच असह्य झालं की बेबीताई पिपेट खाली ठेवायची आणि म्हणायची, “जोडीदार, तू रंगावर ध्यान ठेव, मी मावशीकडे जाऊन येतो.” आमच्याकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात. फाटक उघडं असलं तर ती लवकर यायची. मालगाडी आडवी आली की थेंब थेंब सोडून रंग बदलताना पकडायचं आमचं टायट्रेशन गेलंच. मुलं खिदळायची. एकानं एकदा मोठ्यानं विचारलं, “काय वं ताई, मावशी बरी हाये ना?” ती चालता चालता थांबली. “मावशी बरी हाये. तुह्यीच चौकशी करत होती. म्हने, त्या पोराच्या घरी मायबहिनी राह्यतेत का तो झाडाले लागला?” वर्ग हसला, तो पोरगाही हसला. मीही हसलो. पण ती घामानं निथळत, पदर डोक्यावर घेऊन त्या उन्हात फाटकाकडं निघाली, तेव्हा मागं राहून तिच्या वाट्याची रीडिंगं घेण्यापलीकडे मी कधी काही केलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ती आली तेव्हाच तिला हुडहुडी भरली होती. लघवीला आग होत होती, ताप होता. हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं, पण तेव्हाही ती टेबलाची कड धरून उभी होती आणि ब्युरेटमधला थेंब तिला दिसत नव्हता. अर्ध्या वाटेत तिनं बाहेरून आलेल्या परीक्षकांना विचारलं, जाऊन येऊ का. ते म्हणाले, जायचं तर उत्तरपत्रिका ठेवून जा, परत आत येता येणार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. सर, यांना ताप आहे, एवढंच म्हणायचं होतं. सहज म्हणता आलं असतं. पण माझे मार्क त्याच माणसाच्या हातात होते… मी ब्युरेटमध्ये पाहत राहिलो. तिनं उत्तरपत्रिका ठेवली आणि गेली. पुढच्या वर्षी परीक्षेला बसलीच नाही. नर्सिंगला गेली. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, “दवाखान्यात संडास तं असते, जोडीदार.”

यानंतर बरीच वर्षं आम्ही अधूनमधून भेटत राहिलो. मी एमएस्सी केलं, पीएचडी केली, अमरावतीत विद्यापीठात लागलो, यथावकाश विभागप्रमुख झालो. तिच्या बदल्या झाल्या, शेवटी अकोल्यात स्थिरावली. माझ्या आईला तिच्याच वॉर्डात ठेवलं होतं तेव्हा आईनं मरेपर्यंत माझ्यापेक्षा तिचं नाव जास्त घेतलं. तिला मूल झालं नाही. त्याचं दुःख ती करायची की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही, आणि तिनं सांगावं असा मी माणूस नव्हतो.

निवृत्त झाल्यावर ती एक दिवस न कळवता माझ्या केबिनमध्ये येऊन उभी राहिली. अकोल्याहून एसटीनं आली होती, हातात पिशवीत मला आवडतो तो चिवडा. खुर्चीवर बसून चारी बाजूंना पाहिलं. “काय जोडीदार, सायेब झाला तू तं!” मग पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, “तुह्या डिपार्टमेंटले काही द्याचं हाये. आमी दोघं काय खातो? माह्या रिटायरमेंटचं सारंच घरात ठेवून काय करू?”

इथं आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. विद्यापीठात देणगीदारांची नावं देण्याची एक योजना आहे. देणगी भरघोस असली की इमारतीला नाव, त्याखालोखाल असली की प्रयोगशाळेला, मग सभागृह, मग वाचनकक्ष, आणि अगदीच बेताची असली तर बाक नाहीतर पाण्याचा कूलर. आमच्या विज्ञान इमारतीवर एका जिनिंगवाल्यांच्या वडिलांचं नाव आहे, उपकरणांच्या खोलीवर अकोल्याच्या एका दालमिलवाल्यांचं. जिन्याखालच्या कूलरवर कुणाच्यातरी आजीचं नाव आणि हसरा फोटो आहे. कूलर दोन उन्हाळ्यांपासून बंद आहे. नवी पोरं आजीच्या फोटोखाली बाटली धरतात आणि रिकामीच घेऊन जातात. मी टिंगल करत नाही. देणाऱ्यांची माया खरी असते, नाव टिकावं असं कुणालाही वाटतं. पण इतकी वर्षं इथं काढल्यावर एक गोष्ट लक्षात आली आहे: दगडात कोरलेलं नाव कुणी उच्चारत नाही. जिनिंगवाल्यांच्या वडिलांच्या इमारतीला सारं विद्यापीठ ‘पिवळी बिल्डिंग’ म्हणतं.

तर मी बेबीताईला ही योजना समजावून सांगितली. म्हटलं, तुझ्या देणगीत सभागृह सहज होईल, कार्यक्रम करू, कुलगुरू येतील. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “सभागृह नको बावा. पोरींसाठी संडास-बाथरूम पायजे. या मजल्यावर. चांगलं, पान्याचं. आतून कडी लागते असं. आन त्याच्यावर माह्यं नाव. पूरं नको लिहू, बेबीताई एवढंच लिही.”

मला हसू आलं. “ताई, संडासावर नाव कोण लावतं?”

“काहून? कापूसवाल्याचं बिल्डिंगवर चालते, दालवाल्याचं मशिनीच्या खोलीवर चालते, मले काय झालं?” ती माझ्यापेक्षा मोठ्यानं हसली. “तुह्या त्या सभागृहात लोक माह्यं नाव वाचतीन आन जांभया देतीन. इथी पोरी नाव पाहून आत जातीन आन मोकळ्या होऊन बाहेर येतीन. कोन्या देनगीदाराले भेटते असं?”

मी बघतो म्हणालो. आमच्या मजल्यावर मुलींसाठी तेव्हाही सोय नव्हती, हे इथं लिहितो. नवी कोरी पिवळी बिल्डिंग, वर्गात निम्म्याहून जास्त मुली, आणि स्वच्छतागृह तळमजल्यावर, तेही बहुतेक वेळा बंद. हे मला रोज दिसत होतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं काही वाटेनासं होतं, त्यातलं ते.

नामकरण समितीत विषय निघाला तेव्हा सगळे एकदम हसले. वाईट माणसं नव्हती ती. एकानं विचारलं, कुलगुरूंनी फीत कापली म्हणून बातमी द्यायची तर कशाची कापली म्हणून द्यायची? दुसरा म्हणाला, उद्घाटनाचं पहिलं पाऊल कोण टाकणार? चहा आला. मग एक ज्येष्ठ सदस्य आवाज खाली आणून म्हणाले, “थट्टा सोडा. तायडेबाई बौद्ध आहेत ना? उद्या कुणी म्हणेल, जिनिंगवाल्यांचं नाव इमारतीला आणि यांचं संडासाला. निवेदनं येतील, मोर्चा येईल. सांगणार कोण, की हे त्यांनीच मागितलं?” सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सांगणारा मीच होतो. फाटक, मावशी, माठाकडे पाठ करून बसलेल्या मुली, उत्तरपत्रिका ठेवून गेलेली विद्यार्थिनी… हे सगळं त्या टेबलावर ठेवणारा दुसरा माणूस नव्हता. मी चहाचा कप बशीत नीट ठेवला आणि म्हणालो, “बरोबर आहे. सभागृहच शोभेल.”

मग तिला समजावण्याचं कामही माझ्याकडेच आलं. अकोल्याला गेलो. सदस्यांनी जे म्हटलं तेच जरा सभ्य करून सांगितलं, की ताई, तुमच्या समाजाला वाईट वाटेल. ती म्हणाली, “समाजाचं मी पाहून घेईन. तिथी पोरींच्या होस्टेलात बसून त्याइले मी सोता सांगन, मायहो, हे मी मागतलं. तू फक्त तुह्या सायबाइले सांग. सांगतलं काय?” मी म्हणालो, प्रयत्न केला. तिला ते खोटं कळलं असावं. नर्स होती, माणूस कुठं दुखतं ते लपवतो आहे हे तिला चटकन कळायचं. मग मी घाईघाईनं म्हणालो, की सभागृह तर होऊ दे, सभागृहाला लागूनच स्वच्छतागृह आहे नकाशात, तेच मुलींसाठी ठेवू. ती लगेच हलकी झाली. “मंग काय तं! नाव कुठीबी लाव. सोय झाल्याशी काम.”

आणि नकाशात ते खरंच होतं. सभागृह आणि माझी केबिन यांच्या मधल्या जागेत छोटं, नीटस स्वच्छतागृह. बांधकाम त्या टप्प्यावर आलं तेव्हा अभियंता माझ्याकडे आला. चांगला, नम्र मुलगा. “सर, याचं दार कुठल्या बाजूनं काढू? कॉरिडॉरकडून काढता येतं, नाहीतर तुमच्या केबिनमधून.” मी काहीतरी सही करत होतो. “कॉरिडॉरकडून ठेवलं तर चार दिवसांत घाण होईल,” मी म्हणालो. “इकडूनच काढा.”

एवढंच. मी काही कारस्थान केलं नाही, पैसे खाल्ले नाहीत, कुणाचा अपमान केला नाही. कागदाकडे पाहत एक वाक्य बोललो. खालच्या मजल्यावर जाऊन यायचा मला कंटाळा यायचा, वयही झालं होतं… आणि त्या क्षणी मला बेबीताई आठवलीच नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. आठवली होती. पुढच्या टप्प्यात तिचं करू, असं मनात म्हणून मी पुढच्या कागदावर सही केली.

उद्घाटनाला ती पांढऱ्या स्वच्छ साडीत आली होती. उत्तमराव नव्या शर्टात, टाचणीच्या घड्या तशाच. दोरी तिनंच ओढली, पडदा अर्ध्यावर अडकला, कुलगुरूंनी हसून हात लावला, फोटो निघाले. भाषणं लांबली. अकोल्याहून पहाटेच निघालेली ती, स्टेजवरच्या खुर्चीत नुसती बसून होती. समोर पाण्याची बाटली, उघडलेलीही नव्हती. चहाच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “जोडीदार, पोरींचं कुठी हाये?” मी म्हणालो, “ते पुढच्या टप्प्यात आहे, ताई. तू ये ना, इकडून ये.” आणि माझ्या केबिनमधून तिला आत नेलं.

ती बाहेर आली तेव्हा पदराला हात पुसत होती. तिनं मागं वळून दाराकडे पाहिलं. मग कॉरिडॉरच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं, जिथं दार असायला हवं होतं. मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो. तिला सगळं कळलं हे मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

“कडी चांगली हाये,” ती म्हणाली. आणि चहाला परत गेली.

त्यानंतर दरवर्षी परीक्षेचे दिवस आले की तिचा फोन यायचा. तब्येत, ऊन, कूलरचं पाणी, आणि मग शेवटी, जणू सहज, “दुसरा टप्पा झाला काय जोडीदार?” मी सांगायचो, प्रस्ताव गेला आहे. प्रस्ताव खरंच गेला होता. असे प्रस्ताव जातात. “गेला हाये तं येईन कधीमधी,” ती म्हणायची आणि फोन ठेवायची. गेल्या वर्षी मी एका लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो तेव्हा तिच्याकडे डोकावलो. बारीक झाली होती. तिनं बहिणीसारखा आग्रह करून जेवू घातलं, माझ्या आईच्या आठवणी काढल्या, वर्गातल्या त्या खिदळणाऱ्या पोराचं काय झालं ते सांगितलं. तो आजोबा झाला म्हणे. निघताना मी वाट पाहत होतो, आता विचारेल, आता विचारेल. चप्पल घालून झाली, ती अंगणाच्या फाटकापर्यंत सोडायला आली. तिनं विचारलंच नाही. अमरावतीला परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की तिनं माझ्याकडून काही अपेक्षा ठेवणं सोडून दिलं होतं, तेही न चिडता, पेशंटचा चार्ट खाली ठेवावा तसं.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी अकोल्याला गेलो. वंदना झाली, लोक बोलले. ज्यांची बाळंतपणं तिनं केली त्या बाया बोलल्या. मग उत्तमराव म्हणाले, “सर, तुमी दोन शब्द बोला.” मी उठलो आणि बोललो. दातृत्व, विज्ञान, सभागृह. सवयीनं जीभ चालत राहिली. टाळ्या झाल्या नाहीत, अशा ठिकाणी होत नाहीत, पण लोकांनी माना हलवल्या. संपल्यावर उत्तमरावांनी मला बाजूला नेलं. मला वाटलं आभार मानतील.

“सर, एक सांगू? राग नका मानू,” ते म्हणाले. “बेबी घरी त्याले सभागृह नाई म्हने. जोडीदाराचा संडास म्हने. ‘माह्या पैशात एकच संडास झाला, तिथी जोडीदार जाते.’ असं म्हने आन पोट धरून हासे. तिच्या मनात काही नव्हतं सर. हासूनच म्हने.” मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमाले सांगा की नाई, इचार करत होतो. पन तुमी बोलत होते तं मले तिचं हासनंच ऐकू येऊन राहिलं होतं.”

मी आता दोन वर्षांत निवृत्त होईन. या वयात माणसाला स्वतःविषयी नवीन काही कळत नाही असं मला वाटायचं. परत आल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गवंडी बोलावला. तोच अभियंता, आता त्याचे केस विरळ झालेत, म्हणाला, “सर, बांधकाम समितीची मंजुरी लागेल.” मी म्हणालो, लागेल, ती मी नंतर घेईन. कॉरिडॉरकडून भिंत फोडली आणि तेच दार, त्याच कडीसकट, तिकडं बसवलं. केबिनच्या बाजूची दाराची जागा विटांनी बुजवली आणि त्यापुढं पुस्तकांचं कपाट सरकवलं. माझ्याकडे खुलासा मागितला गेला, मी दिला. नामफलक मात्र लावला नाही. ते माझ्या अधिकारात नाही, योजनेत बसत नाही, आणि खरं सांगायचं तर पुन्हा त्या टेबलाभोवती बसून तिचं नाव मागण्याची माझी ताकद नाही. यानं काही भरून आलं असं मी म्हणत नाही. इतक्या वर्षांच्या मुली तळमजल्यावर हेलपाटे घालून गेल्या, कितीजणी पाणी न पिता बसल्या, त्यांना हे दार मिळालं नाही. त्या कुणाच्या तरी आया झाल्या असतील आता.

सत्र सुरू झालं तेव्हा पहिल्या प्रॅक्टिकलला मुलांना ब्युरेट कसं धरायचं ते दाखवता दाखवता मी त्यांना बेबीताईची गोष्ट सांगितली. मावशी, फाटक, मालगाडी, सगळं. परीक्षेतल्या माझ्या गप्प राहण्याचंही सांगितलं, आणि दाराचंही. आयुष्यात पहिल्यांदाच वर्गात स्वतःविषयी बोललो, वाईटच बोललो, मध्येच शब्द सापडेनात. मुलं खाली पाहत राहिली. मुली मात्र माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. नळ गळतो, एकदा तुंबलंही होतं, दुपारी बाहेर रांग लागते. मला खालच्या मजल्यावर जिना उतरून जावं लागतं, गुडघे बोलतात. परवा दुपारी मी प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो. चांदूर बाजारकडून येणंजाणं करणारी एक मुलगी टायट्रेशन करता करता थांबली आणि आपल्या जोडीच्या मुलाला म्हणाली, “तू रंगावर ध्यान ठेव बे. मी बेबीताईकडे जाऊन येतो.” तो मुलगा हसला नाही. त्यानं नुसती मान डोलावली आणि फ्लास्क हातात घेतला. हे असं म्हणायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि ग्रॅनाइटच्या पाटीकडे, ती दाराला लागूनच आहे, त्या मुलीनं पाहिलंही नाही.

मी केबिनमध्ये येऊन बसलो. कपाटामागची ती वीट पातळ आहे, पलीकडचं थोडंफार ऐकू येतं. दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला… एकदाच, घट्ट, नीट बसल्याचा. चांगली कडी आहे ती.